दादाच्या घराचा पाया आणि परवानगी

दादा: प्लॉट नावावर झाला! कंत्राटदार म्हणतोय, पुढच्या आठवड्यात पाया खणायला घेऊ. फाईल आत गेलीये, परवानगी मागून येईलच. घेऊ का?

मोठे काका: अजिबात नको. फाईल आत जाणं वेगळं आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला हातात पडणं वेगळं. त्याआधी कुदळ मारलीस तर ते अनधिकृतच. काम थांबवण्याची नोटीस आली की मजूर दुसरीकडे जातात आणि तुझा खड्डा पाणी भरून तसाच राहतो.

ताई: काका बरोबर सांगतायत. मोजणी केलीस का रे? आमची फाईल तिथेच अडली होती. कागदावर प्लॉटची खोली 20 मीटर, जागेवर टेप लावली तर 19.6. मागच्या शेजाऱ्यांचं कुंपण आत आलेलं. मागे दीड मीटर मोकळं सोडायचं होतं, उरत होतं 1.1. त्या 40 सेंटिमीटरपायी जिना हलवला, जिन्यापायी स्वयंपाकघर, शेवटी सगळा नकाशाच नव्याने काढला. फार मनस्ताप झाला तेव्हा.

वहिनी: पण ताई, आम्हाला 180 चौरस मीटर बांधकाम मिळतंय ना?

ताई: अगं, ते सगळ्या मजल्यांचं मिळून. खाली किती बसेल ते सामासिक अंतरांवर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेवर ठरतं. तुमचा प्लॉट 10 बाय 18. समज, पुढे 3 मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड सोडायचं आलं, तर उरतं 7 बाय 13.5, म्हणजे 94.5 चौरस मीटर. भिंतींची जाडी त्यातच. तुमच्या प्लॉटला नक्की किती सोडायचं ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या, मगच खोल्या आखा.

वहिनी: बाप रे. मी तर तळमजल्यावर तीन बेडरूम धरून बसले होते.

मोठे काका: आणि काम जोत्यापर्यंत, म्हणजे तळमजल्याच्या जमिनीच्या पातळीपर्यंत आलं की तपासणी करून घे, मगच भिंती चढव. मध्येच एखादी खोली वाढवावीशी वाटली तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा. नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र अडतं. घर उभं, पण राहायला कागद नाही.

दादा: कंत्राटदाराला आत्ताच फोन करून थांबवलं. नाराज झालाय. मोजणीचा अर्ज उद्याच देतो.

ताई: मोजणीला स्वतः उभा राहा, शेजाऱ्यांनाही बोलव. कोपऱ्यांवर खुणा केल्या की लगेच फोटो काढून इथे ग्रुपवर टाक.