प्रति: फ्लाइट मोडचं नाटक कशाला?
विमानात फोन फ्लाइट मोडवर ठेवणं हे नाटकच, ‘मोबाइलने विमान पडल्याचं उदाहरण दाखवा’, हे तुमचं म्हणणं अर्धं पटतं. लोकलायझर, म्हणजे उतरताना विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवणारा रेडिओ सिग्नल, १०८ ते ११२ मेगाहर्ट्झवर; जीएसएम, म्हणजे २जी फोन ९०० किंवा १८०० वर. थेट टक्कर नाहीच. पण कानाचं काय? नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर छोट्या विमानावर शिकताना एकदा माझा फोन खिशात चालूच राहिला. उतरायच्या वेळी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवाले बोलायला अन् हेडसेटमध्ये टर्रर्र-टर्रर्र सुरू व्हायला एकच गाठ. वाऱ्याचा आकडा गेला तो गेलाच, परत विचारावा लागला. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ झटके देत प्रसारण करतो, हेडसेटची वायर तेच पकडते. सिग्नल कमजोर असला की फोन आणखी जोर लावतो, २ वॅटपर्यंत.

सरांनी काही न बोलता नुसता हात पुढे केला. फोन मागच्या सीटवर.