खिळ्यांचे बूट गेले म्हणून फौज मऊ झाली?

पायदळवाला
एका निवृत्त सुभेदारसाहेबांची पोस्ट चार दिवस सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं: आमच्या वेळी खिळ्यांचे बूट, पोटरीला गुंडाळायची लोकरीची पट्टी, वेबला (कॅनव्हासच्या पट्ट्यांना) ब्लँकोचा रंग, पितळेला ब्रासो, हातात एसएलआर रायफल आणि घरी महिन्याला एक इनलँड पत्र. त्यातून जवान कणखर झाला. आता हलके बूट, खिशात मोबाईल, म्हणून जवान मऊ. खाली नुसता 'जय हिंद'चा पाऊस. कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

साहेब, किटच्या हालातून फौज घडत असती तर 1962 च्या चीन युद्धात नामका चू नदीवर आपल्यासारखी फौज जगात नसती. सुती कपडे, कॅनव्हासचे बूट, जुनी .303 रायफल आणि माणशी पन्नास राउंड. पोरं लढण्यात कमी पडली नाहीत, त्यांच्या अंगावर काही नव्हतं. एसएलआर, माउंटन डिव्हिजन, थंडीचे कपडे हे सगळं तो मार खाल्ल्यावर आलं. तुम्ही ज्या जुन्या फौजेची आठवण काढता, ती तिच्याहून जुन्या फौजेच्या चुका दुरुस्त करूनच उभी राहिली होती.

आणि आरशासारखा बूट? मेणाचे थर चढवून चामड्याची छिद्रं बंद होतात, घाम आतच राहतो, आणि बोटांपाशी बूट दुमडला की तो थर तडकतो. म्हणून तर परेडची जोडी वेगळी आणि चालायची वेगळी असायची. फील्डमध्ये चमकणारी प्रत्येक वस्तू काळी करायची आणि बॅरकीत तीच दोन तास घासायची. तो वेळ फायरिंग रेंजवर गेला असता.

जुनी पलटण
भाऊ, ब्रासोवर हसणं सोपं आहे. किट लेआउट कशासाठी होतं ते सांगा ना. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, कारण स्टँड-टूला, म्हणजे अंधारात मोर्च्यात सज्ज राहताना, टॉर्च लावता येत नाही. फील्ड ड्रेसिंग (जखमेवर बांधायची पट्टी) सगळ्यांच्या एकाच खिशात, कारण तुम्ही जखमी झालात तर तुमच्या बडीने (जोडीदाराने) दुसरे खिसे चाचपत बसायचं नाही. आधी तुमची ड्रेसिंग तुम्हाला, त्याची त्याच्यासाठी राखून. पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) बांधल्यावर जागेवर दोन उड्या मारायच्या. खडखड ऐकू आली तर परत सोडून बांधा. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली, कारण अर्धी बाटली रात्री डचमळते. हे सगळं सीएचएमच्या (कंपनी हवालदार मेजरच्या) आरडाओरड्याने अंगात मुरलं. आज लेआउट फोटोपुरतं उरलंय.

पायदळवाला
लेआउटला मी हात लावलेला नाही. चमकवण्याबद्दल बोललो होतो.

नर्सिंग असिस्टंट
पोस्टमधल्या पोटरीवरच्या पट्टीचं कौतुक वाचून राहवलं नाही. लोकरीची पट्टी ओली झाली की आवळते. त्यात ती परेडच्या हिशेबाने घट्ट बांधलेली, म्हणजे पावलाकडचं रक्त निम्म्यावर. वर बर्फ. थंडीने पाय जायला याहून जास्त काही लागत नाही. खिळे दगडावर घसरतात आणि बाहेरची थंडी तळव्यापर्यंत आणतात. ओले बूट बुखारीला (शेगडीला) टेकवून वाळवले की चामडं तडकतं, डीएमएस बुटाचा साच्यात जोडलेला तळ सुटतो. कागद कोंबून, बुखारीपासून लांब, हेच बरोबर. आणि बोटं पांढरी पडली की त्यावर बर्फ चोळायची जुनी पद्धत निव्वळ घातक होती. गोठलेली कातडी चोळली की आतून फाटते. अंगाच्या उबेपेक्षा किंचित गरम पाण्यात ठेवायचं, तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच.

सगळ्यात मोठी गोष्ट हवामान सवयीची, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेची अंगाला सवय करण्याची. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण आराम. पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, त्यावर आणखी चार. 1962 मध्ये पोरं मैदानातून उचलून थेट वर नेली आणि हॅपोने (उंचीवर फुफ्फुसात पाणी भरून) गेली. खोकला, बसल्या जागी धाप, मग गुलाबी फेस. असा माणूस दिसला की तोंडावर ऑक्सिजन आणि ताबडतोब खाली. 'दम नाही याच्यात' म्हणून त्याला पिठ्ठू देऊन पुढे ढकलणं याला कणखरपणा म्हणत असाल, तर ते मरण आहे.

कोत एनसीओ
बूट-पट्टी बाजूला ठेवा. खरा फरक हत्यारात आहे. एसएलआरने माणसाला हत्यार ओळखायला शिकवलं. गॅस रेग्युलेटर (गोळीचा किती गॅस रायफल चालवायला जाईल ते ठरवतो तो) पूर्ण उघडा ठेवून फायर करायचं, रायफल शॉर्ट रिकॉइल करते, म्हणजे पुर्जे पूर्ण मागे येत नाहीत. मग क्लिक-क्लिक बंद करत आणायचं, नीट चालायला लागली की आणखी दोन क्लिक, बस. रिकामी केस अंगाजवळ पडायला लागली तर गॅस कमी पडतोय, कार्बन साचलाय. पिस्टन आणि गॅस सिलेंडर कोरडे, कारण तेल जळून त्याचाच कार्बन होतो. गॅस प्लग उलटा बसला तर गॅस बंद, प्रत्येक राउंडला हाताने कॉक करत बसा. बॅरलला चिंदी 4 गुणिले 2 इंच सुकी, तेलाची 4 गुणिले दीड, आणि पुलथ्रू (सफाईची दोरी) सरळ ओढायचा, दोरी मझलच्या (नळीच्या तोंडाच्या) कडेला घासली की तिथे झीज होते आणि नेम गेला. मग 5.56 ची इन्सास रायफल आली आणि कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिक मॅगझिन तडकली. फायररच्या डोळ्यात तेल उडायचं. बोला.

हलका राउंड
उस्ताद, एसएलआरची अर्धी बाजू तुम्ही गिळलीत. रोक (फायर मध्येच अडकणं) येऊ नये म्हणून कितीजण रेग्युलेटर गच्च बंद करून मोकळे व्हायचे? मग धक्का दुप्पट वाटतो, गोळ्यांचा ग्रुप विखुरतो, पुर्जे आपटून झिजतात. हा दोष कोतात (हत्यारखान्यात) बसून तुम्हीच पकडायचात. आणि वजन बघा: एसएलआरच्या 7.62 चा एक राउंड साधारण 24 ग्रॅम, इन्सासच्या 5.56 चा 12. शंभर राउंड म्हणजे 2.4 किलो विरुद्ध 1.2. हा फरक चढावर पिठ्ठूत बसतो.

कोत एनसीओ
आणि 2019 मध्ये 72,400 सिग रायफली घेतल्या त्या कोणत्या कॅलिबरच्या? 7.62 गुणिले 51. फिरून तिथेच आलात. राउंड हलका झाला आणि समोरचा पडेनासा झाला, हे मान्य करायला वीस वर्षं लागली.

हलका राउंड
कॅलिबरचं तुमचं बरोबर, घ्या. पण सिगवर ऑप्टिक (दुर्बिणीसारखं साइट) बसतं, बट (दस्ता) कमी-जास्त होतं, रात्री नेम घेता येतो. हे एसएलआरचं पुनरागमन नाही. आणि मॅगझिन तडकली तो दोष माल घेणाऱ्याचा. तो 'आजच्या जवाना'च्या माथी का मारता?

कोत एनसीओ
जवानाच्या माथी मी काहीही मारलेलं नाही! शिकवणाऱ्यांबद्दल बोलतोय. रोक आली की मॅगझिन बदल, एवढंच शिकवतात. रोक का आली ते कोण सांगणार?

अग्निवीराचा भाऊ
तुमचं गॅस-क्लिक चालू दे, पण 'मऊ' हा शब्द मागे घ्या. 5 किलोमीटर बीपीईटी (लढाऊ शारीरिक चाचणी) अग्निवीरांनाही एफएसएमओ (पूर्ण लढाईचं किट) आणि रायफलसकटच द्यावी लागलीय, तिशीच्या आतल्याला एक्सलंटसाठी 25 मिनिटं. दोर तोच, नऊ फुटांचा खड्डा तोच. फरक एवढाच की 14 जून 2022 ला अग्निपथ भरती जाहीर झाल्यानंतर हे सगळं करून चार वर्षांनी चौघांतले तीन घरी. तुम्हाला 60 दिवस वार्षिक आणि 30 कॅज्युअल रजा, त्याला वर्षाला 30. घरचा फोन आला तर तेवढाच त्याचा आधार.

जुनी पलटण
बीपीईटीचं बरोबर आहे, मऊ हा शब्द चुकीचा. पण माझी खंत उलट तुझ्याच बाजूची आहे, पोरा. उस्तादने आत्ता जे लिहिलं ते पुस्तकात एका पानात येतं. रोक का आली हे जुना हवालदार नव्याला रात्री कोताच्या पायरीवर सांगतो, आणि तो नवा पुढे हवालदार होऊन सांगतो. चार वर्षांत तो साखळीचा एक टप्पाही पुरा करत नाही.

अग्निवीराचा भाऊ
मग पोस्टमध्ये हे लिहायचं होतं ना. ब्रासो कशाला लिहिला? आणि रजेचं कोणीच बोलत नाही.