मसाई माराची शेवटची सकाळ
शेवटच्या दिवशी केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सकाळची सफारी करून रात्रीचं नैरोबी-मुंबई विमान गाठता येईल का, असा प्रश्न पडतो. येईल, पण मुक्काम अभयारण्याच्या आत असेल तर दहाच्या आत गेटबाहेर पडा, नाहीतर त्या दिवसाचं प्रवेशशुल्क पुन्हा बसतं (जुलै ते डिसेंबर माणशी 200 डॉलर!). बॅगा रात्रीच भरून पहाटे गाडीत टाका, नाश्ता डब्यात मागा. सेकेनानी गेटहून नारोकमार्गे नैरोबी पाच-सहा तास. शहरातल्या संध्याकाळच्या कोंडीचे वेगळे दोन धरा. छोट्या विमानाने गेलात तर सामान मऊ बॅगेत, 15 किलोच्या आत. ते नैरोबीतल्या विल्सन या छोट्या विमानतळावर उतरतं, आंतरराष्ट्रीय विमानतळ वेगळा. पीतज्वराच्या लसीचं कार्ड हातातल्या बॅगेतच ठेवा, मुंबईत उतरल्यावर मागतात.