शाळेतल्या पुस्तकांवर ‘बंदी’ म्हणायचं की ‘वगळली’?

कोरीपाटी
अमेरिकेतल्या शाळांमधून पुस्तकं काढली जातात, त्याविरुद्धचा एक लेख मराठीत करते आहे. गाडी ‘बॅन’ आणि ‘चॅलेंज’ या दोन शब्दांवर अडली. तिकडे कुणी लेखी तक्रार केली की पुस्तक ‘चॅलेंज’ झालं म्हणतात आणि कपाटातून गेलं की ‘बॅन’. मी अनुक्रमे ‘हरकत’ आणि ‘बंदी’ लिहिलं. संपादकांनी दोन्ही खोडले. ‘हरकत’ परका शब्द, म्हणून ‘आक्षेप’. आणि पुस्तक दुकानात मिळतंय तर बंदी कसली, म्हणून ‘वगळले’. हे ‘वगळले’ मला अजिबात पटत नाही. वगळतो ते यादी करताना. निवडून, विकत घेऊन, शिक्का मारून ठेवलेलं पुस्तक मुलांसमोरून उचलून नेणं म्हणजे वगळणं नव्हे. काय लिहावं?

जुनेबाड
संपादकांचं बरोबर आहे. बंदी म्हणजे छापायचं नाही, विकायचं नाही, बाळगायचं नाही. इंग्रजी अमदानीत पुस्तकं जप्त व्हायची, त्यासाठी घरांच्या झडत्या व्हायच्या. शाळेच्या कपाटालाही तोच शब्द वापरलात तर त्या बंदीला काय म्हणणार? पुस्तकं काढण्याला माझाही विरोधच आहे, पण विरोध करायचा म्हणून शब्द ताणू नये.

काठावरची
बंदी फक्त सरकारच घालतं, हे कुठून आलं? गावबंदी, जड वाहनांना बंदी, ‘आत येण्यास बंदी आहे’ अशी पाटी. ज्याच्या हातात ती जागा, तो त्या जागेपुरती बंदी घालतो. बंदीला हद्द असते, म्हणून ती बंदी नाही असं होत नाही.
शिवाय ‘दुकानात मिळतं’ हा युक्तिवाद जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाने 1976 साली काही पुस्तकं काढायला लावली. पालक आणि शिक्षकांची समिती मंडळानेच नेमली होती. तिने त्यातली बरीच ठेवा म्हटलं, तरी मंडळाने ऐकलं नाही. विद्यार्थी कोर्टात गेले. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात विद्यार्थ्यांच्या विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी हेच लिहिलं, की पुस्तकं दुकानांत, सार्वजनिक ग्रंथालयांत मिळतात. विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मतात मात्र भर होता वाचणाऱ्याच्या हक्कावर: निव्वळ त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून मंडळाला ग्रंथालयातून पुस्तकं काढता येणार नाहीत. ज्या मुलाच्या घरी पुस्तकं नाहीत, दुकानात न्यायला कुणी नाही, त्याच्यासाठी शाळेचं कपाट हेच दुकान. त्याला ‘दुसरीकडे मिळतं’ सांगून काय उपयोग?

जुनेबाड
ब्रेनन यांच्या मताला नवांपैकी पाचांचं बहुमत नव्हतं, तेही सांगा. आणि त्यांनी शब्द ‘काढणे’ असाच वापरला. मग ‘काढली’ लिहा की. सरळ मराठी आहे.

देवघेव
मी तिकडच्या एका शालेय ग्रंथालयात काम करते, म्हणून सांगते. तक्रारीसाठी छापील अर्ज असतो. ‘आपण पूर्ण पुस्तक वाचले आहे का?’ असा त्यात प्रश्न असतो. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच अर्जांत त्यापुढे ‘नाही’ असतं आणि खाली कुठूनतरी मिळालेल्या यादीतले पान क्रमांक, वेगवेगळ्या घरांतून आले तरी तेच. त्या कागदाला ‘आक्षेप’ हा शब्द जड होतो. आक्षेपामागे वाचन असावं लागतं. ‘हरकत’च बरी, सरकारी नोटिशीतली, ‘हरकती व सूचना’मधली.
पण पुस्तक दरवेळी जातंच असं नाही. ते काउंटरमागे ठेवतात, घरून चिठ्ठी आणली तर मिळतं. पेन अमेरिका ही संस्था अशा अडवणुकीलाही ‘बॅन’मध्येच धरते; अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ते वेगळं मोजते. म्हणजे हा वाद तिकडेही आहे. चौदा वर्षांची मुलगी जे पुस्तक कुजबुजत मागायला आली असती, ते ती चिठ्ठीवर घरच्यांची सही घेऊन मागणार नाही. पुस्तक इमारतीत असतं आणि तिच्यापुरतं नसतं. यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही.

काठावरची
मज्जाव! बंदी वस्तूवर येते, मज्जाव माणसाला होतो. ‘पुस्तकांवर बंदी’पेक्षा ‘वाचायला मज्जाव’ नेमकं आहे, ब्रेनन यांच्या म्हणण्याशीही जुळतं.

शुद्धलेखणी
मज्जाव, हरकत, मनाई, जप्ती, सगळं उसनं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? ‘प्रतिबंध’ आहे, सेन्सॉरशिपला ‘अभ्यवेक्षण’ आहे. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

देवघेव
आदर ठेवून सांगते, ‘शालेय अभ्यवेक्षण’ वाचून एकाही पालकाला कळणार नाही की मुलाच्या हातचं पुस्तक गेलं. लेख ज्यांनी चिडून उठावं म्हणून लिहिलाय, त्यांना तो कळायला नको का? हरकत मूळची अरबी, तिथे अर्थ हालचाल. हिंदीत अजून तसाच काहीसा. ‘अडथळा, विरोध’ हा अर्थ मराठीने घडवला. तो शब्द परका कसा?

शुद्धलेखणी
घडवला म्हणून आपला होत नाही. आणि चिडून उठायला फारसी-अरबीच लागते हे मला मान्य नाही. ‘ग्रंथबंदी’तला ‘बंध’ संस्कृतच आहे.

जुनेबाड
बंदी फारसी ‘बंद’वरून, ‘बंध’वरून नव्हे. दोन्ही धातू सख्खे चुलत आहेत, पण मराठीत शब्द आला तो फारसीच्या दारातून. मज्जाव मात्र हिंदुस्तानी ‘मत जाव’वरून, आमचे गुरुजी तसंच सांगायचे. पहारेकऱ्याची आरोळी.

काठावरची
ही लोकव्युत्पत्ती वाटते. आरोळीचं नाम होऊन त्याला ‘करणे’ लागलं, अशी आणखी उदाहरणं द्या.

कोरीपाटी
मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचा आहे. ‘हरकत’ ठेवते, ‘बंदी’साठी संपादकांशी भांडते. काउंटरमागच्या पुस्तकांचं काय ते अजून ठरलं नाही. ‘अडवून ठेवलेली’ कसं वाटतं?

जुनेबाड
उदाहरण: ‘खबरदार’. ‘खबरदारी घेणे’ झालंच ना?

काठावरची
ते आधी विशेषण आहे, आरोळी नंतर. उलटा प्रवास.