प्रोग्रॅममध्ये बग (चूक) दिसला की माझा सहकारी लगेच कोडला हात घालतो, मी आधी वाचत बसते. स्वभाव की सवय?

अर्धविराम: एका मॉड्यूलवर आम्ही दोघंच आहोत. परवा रिपोर्टमध्ये महिन्याची बेरीज जुळेना. मी लॉग (प्रोग्रॅमनं ठेवलेली नोंदवही) उघडून चुकलेल्या नोंदी एकाखाली एक लिहून काढल्या. सगळ्या महिनाअखेरच्या रात्री उशिराच्या, आणि पुढच्या महिन्यात जाऊन बसलेल्या. म्हणजे टाइमझोनची भानगड. तोवर यानं चार ठिकाणी बदल करून बघितले आणि पाचव्याला बेरीज जुळली! का जुळली, ते त्याला सांगता येईना. मी म्हटलं, हे अंदाजपंचे आहे. तो म्हणाला, ‘तू नुसती बघत बसतेस.’ रोज हेच. माणसाची ही पद्धत बदलते का?

खटपट्या: मी तुमच्या सहकाऱ्याच्या जातीचा. नुसतं वाचून माझ्या डोक्यात काही शिरत नाही, काहीतरी हलवल्यावरच कळतं कुठला धागा कुठे बांधलाय. पण एका वेळी एकच बदल, आणि उपयोग झाला नाही तर तो लगेच मागे. त्यानं आधीचे चार बदल काढले का, ते बघा. नसतील काढले तर तुमचा राग रास्त आहे. आणि करून बघणं म्हणजे अंदाजपंचेच असं नाही. गिट बायसेक्ट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली एक आज्ञा) दर वेळी उरलेल्यातला मधला कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, तपासायला देतं. हजार कमिटांतून बिघाड आणणारा एक साधारण दहा चाचण्यांत हाती येतो, कोडची एक ओळही न वाचता.

तळटीप: मायकेल कर्टन या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये माणूस कुठल्या शैलीनं प्रश्न सोडवतो यावर एक प्रश्नावली मांडली. गुण 32 ते 160. कमी गुणवाले आहे त्या चौकटीत सुधारणा करतात, जास्तवाले चौकटच हलवतात. तुमचं भांडण नेमकं हे नाही, कारण तुम्ही दोघंही आहे तीच बेरीज दुरुस्त करत होतात. तिसरा कुणी असता तर म्हणाला असता, तारखा मुळात अशा साठवायच्याच कशाला? पण कर्टनचं एक म्हणणं इथे लागू पडतं: शैली वेगळी आणि कुवत वेगळी. शैली फारशी बदलत नाही. गरज पडली की माणूस उलट वागू शकतो, पण त्याला ते जड जातं. त्यामुळे त्याला ‘आधी वाच’ म्हणून फार काही हाती लागणार नाही.

कोरापाटी: आमच्याकडे एकच नियम आहे. बदल करायच्या आधी एक ओळ लिहायची: ‘यानं अमुक आकडा तमुक व्हायला हवा.’ वाचत बसणाऱ्यांसाठीही नियम आहे, अर्ध्या तासात एक तरी शंका कोड चालवून तपासायची. दुसरा भाग ऐकून आमचे वाचणारे जास्त चिडले होते.

अर्धविराम: @खटपट्या, आत्ताच बघितलं. चारही बदल जागच्या जागी आहेत. @कोरापाटी, त्या एका ओळीचं उद्याच त्याच्यासमोर मांडते. अर्ध्या तासाचं तो स्वतःच काढेल.