'रीइन्फोर्समेंट'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ: शेतकरी मेळाव्यासाठी पत्रक मराठीत करतेय. मका-उसाच्या साखरेपासून पीएलए नावाचं प्लास्टिक होतं. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्यात चिपाडातल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मिसळले की ताठपणा, ताकद वाढते. मी लिहिलं 'नॅनोतंतू प्रबलन'. वाळव्याच्या चुलत्यांनी वाचून विचारलं, "हे प्रबोधन कशाचं गं?" दुसरा शब्द सुचवा.

माणदेशी: तंतू कशाला, वाख म्हणा! घायपाताची पानं कुजवून, आपटून आजोबा वाख काढायचे आणि मांडीवर पीळ देत दावी वळायचे. बैलानं हिसका दिला तरी तुटायची नाहीत. शब्द मूळचा 'वल्क', म्हणजे साल. घरचा आहे.

शब्दवेध: वाख हातात धरता येतो. हे तंतू 100 नॅनोमीटरपेक्षा बारीक, आणि एका मिलिमीटरात नॅनोमीटर दहा लाख. प्रबलनच ठेवा. 'प्रबलित काँक्रीट' छापील मराठीत आहेच. वापरलं की रुळतं.

माणदेशी: कुठल्या गवंड्याच्या तोंडी? विट्यात स्लॅब आरसीसीचाच पडतो.

पाटणची लेक: आमच्याकडं भिंतीचा चिखल तुडवताना भाताचं तूस टाकायचे. आई म्हणायची, "तुसानं माती धरून राहती." मग 'तंतूंनी धरलेलं प्लास्टिक' का नको?

रसायनवाली: 'धरून' मला फार आवडलं, कारण खरी अडचण तिथंच आहे. सेल्युलोजला पाण्याची ओढ, पीएलएला नाही. त्यामुळे तंतू नीट पसरत नाहीत, पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, आणि गुठळी असेल तिथूनच तडा जातो. पण ताई, पत्रकात 'कुजणारं प्लास्टिक' लिहिलंय का?

कृष्णाकाठ: हो. विघटनशील कुणाला कळणार?

रसायनवाली: तो शब्द काढाच. पीएलए कुजायला कंपोस्टमध्ये जवळपास तेवढीच, 58-60 अंशांची ऊब लागते. नुसत्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच राहील. 'कुजणारं' वाचून लोक बांधावर टाकतील.

शब्दवेध: बघा, सोप्या शब्दानं घात होतो तो असा.

पाटणची लेक: अवघड शब्द कुणी वाचलाच नाही, तर तो घात नव्हे का?

गुऱ्हाळकर: मधेच बोलतो. चिपाड म्हणजे रस काढून वाळवलेलं, चुलवाणात घालायचं. कारखान्यातला तो बगॅस. पत्रकात नक्की कुठलं?

कृष्णाकाठ: कारखान्यातलं. पण आमच्याकडं त्यालाही चिपाडच म्हणतात.

गुऱ्हाळकर: कराडकडं नाही म्हणत.

माणदेशी: आणि रसवंतीवर ओलं पडलेलं असतं ते? आम्ही त्याला चोथा म्हणतो.