गोल्फ न खेळणाऱ्याने गोल्फ कोर्समधल्या पायवाटेवर कसे फिरावे?

प्रश्न:
मला ग्रामीण भागातल्या लांब पायवाटांवरून चालण्याची आवड आहे. गोल्फ मात्र मी खेळत नाही आणि खेळण्याची इच्छाही नाही. काही वाटा गोल्फ कोर्सच्या कडेने, तर काही थेट फेअरवे, म्हणजे खेळाचा कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा, ओलांडून जातात. तेथे पोहोचताच परक्याच्या अंगणात शिरल्यासारखे वाटते, मी मान खाली घालून झपाझप निघून जातो आणि आजूबाजूचे पाहणे राहूनच जाते. खेळाडूंची अडचण न करता आणि स्वतःला चेंडू लागू न देता या वाटेचा आनंद कसा घ्यावा?

प्रतिसाद १:
वाट सार्वजनिक असेल तर संकोच मुळीच बाळगू नका. इंग्लंडमध्ये कितीतरी सार्वजनिक पायवाटा गोल्फ कोर्समधून जातात, आणि स्कॉटलंडमध्ये तर २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कोर्स ओलांडून जाण्याचा हक्कच दिला आहे. ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर, पाय ठेवण्याचा मात्र नाही. तेथील सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि लोक तेथे निवांत फिरतात. इतरत्र हक्क वेगळे असतात, म्हणून प्रवेशाजवळचा फलक आधी वाचावा.

प्रतिसाद २:
हक्क असला तरी चेंडूला तो कळत नाही. जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा हा कठीण चेंडू चांगल्या खेळाडूच्या पहिल्या फटक्यानंतर ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. त्यामुळे फेअरवे ओलांडण्यापूर्वी टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, कोणत्या बाजूला आहे ते पाहा, कोणी फटक्याच्या तयारीत असेल तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात पण रेषेबाहेर स्तब्ध उभे राहा, आणि त्याने हाताने खूण केली की न रेंगाळता पलीकडे जा. ‘फोर!’ अशी इशाऱ्याची आरोळी ऐकू आली तर वर पाहू नका. दोन्ही हातांनी डोके झाकून खाली वाका. गवतात पडलेला चेंडू उचलू नका, कारण तो हरवलेला नसून चालू खेळातला असू शकतो.

प्रतिसाद ३:
वरचे सगळे योग्यच आहे, पण माझ्या मते हे थांबणे हाच या वाटेवरचा सर्वांत आनंदाचा भाग आहे, कारण एरवी आपण इतका वेळ एका जागी उभे राहून जमीन न्याहाळत नाही. सकाळी लवकर जा. दव असताना ग्रीनच्या बाहेर उभे राहिलात, तर चेंडू जेथून घरंगळत गेला तेथे दव पुसले जाऊन एक गडद रेघ उमटलेली दिसते. ती सरळ जाता जाता शेवटी होलकडे वळते, आणि सपाट भासणाऱ्या त्या हिरवळीला उतार आहे हे तेव्हा कळते. तेथले गवत तीन-चार मिलिमीटर इतके आखूड कापलेले असते, तर काही पावलांवरच्या रफमध्ये ते वाढू दिलेले असते. रानफुले, फुलपाखरे आणि दाणे टिपणारे पक्षी तेथेच सापडतात, म्हणून दुर्बीण असेल तर फेअरवेकडे नव्हे, कडेच्या त्या उंच गवताकडे रोखा. समुद्राकाठचे लिंक्स कोर्स वाळूच्या टेकाडांवर असतात. तेथे झाडे फारशी नसल्याने वाऱ्याने चेंडू कसा भरकटतो हेही स्पष्ट पाहता येते.

एक लक्षात ठेवा: सकाळच्या वेळी गवत कापणी चालू असते आणि यंत्र चालवणाऱ्याच्या कानांवर बहुधा आवाजरोधक असतात. हाक मारून उपयोग नाही. त्याने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करूनच जवळून जा.